यकृतासाठी अकरा प्रदक्षिणा

१५ जून २०२४, शनिवार, सकाळचे सव्वाअकरा. तंजावरच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या सोळा वर्षांच्या नातीचा तपासणी अहवाल टेबलावर ठेवला. यकृतावर चरबी साचली होती.

"औषध?" सुनेने विचारले.

"चालणे, नाहीतर सायकल. रोज तासभर, दम लागेल अशी. यकृत अजून सावरेल. अशीच बसून राहिली, तर ते पुढे कडक होत जाईल."

चिठ्ठीवर एकही गोळी नव्हती. गोळी न लिहिणाऱ्याला आमच्या घराण्याने आजवर डॉक्टर मानलेले नाही.

घरी पत्नीने निकाल दिला, "चालायचेच ना? मग मोठ्या देवळात अकरा प्रदक्षिणा घालू दे. व्यायाम होईल, पुण्यही लागेल."

संध्याकाळी मी घड्याळ लावून मागोमाग चाललो. पुढे पत्नी आणि तिच्या दोन बहिणी, त्यांच्यामध्ये नात. प्रत्येक मूर्तीपाशी नमस्कार, प्रत्येक वळणावर कुणाच्या तरी लग्नाची चौकशी. पाचव्या प्रदक्षिणेला धाकट्या मेहुणीचे गुडघे दुखले. उरलेल्या सहा सर्वांनी मनातल्या मनात घातल्या. मग द्रोणातून चक्करै पोंगल आला, तुपात न्हालेला गूळभात. पोर दमली, म्हणून तिला दोन द्रोण. तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. तूप मात्र यकृतापर्यंत बिनचूक पोचले.

परतल्यावर मी तिला सांगितले, "उद्यापासून रोज तासभर सायकल. कालव्याच्या काठाने."

"ताता, शाळा त्या कोपऱ्यावर. तरी दहा वर्षे मोपेडवर मागे बसवून नेलेत. आता आठवली सायकल?"

"आता आठवली."

"आणि मुली हसल्या तर?"

"हसू देत. त्यांचे यकृत कुणी तपासलेले नाही."

ती हसली नाही. सरकारने अकरावीत दिलेली तिची सायकल वर्षभर पडवीत उभी होती. हँडलवर सून परकर वाळत घालत असे. आम्ही सर्वांनी ठरवून टाकले होते, की मुलगी आळशी आहे.

"सीट उंच आहे," ती हळूच म्हणाली. "पाय टेकत नाहीत. एकदा पडले. कुणी विचारलेच नाही."

मी परकर उचलून सुनेच्या हाती दिले, दोन्ही चाकांत हवा भरली, पाना शोधला आणि सीट चार बोटे खाली घेऊन नट आवळला.