सात मीटरचे तीन पूर

माझ्या सासऱ्यांना सगळा गाव ‘पट्टीवाले’ म्हणायचा. पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी वाचून नदीची पातळी वहीत लिहायची, हे काम त्यांनी एकेचाळीस वर्षं केलं. ताप असो की घरात लग्न, सकाळी आठला स्वारी पुलावर हजर. ‘मी एकदाही खोटा आकडा लिहिला नाही,’ हे तर मी इतक्यांदा ऐकलं, की त्यांनी सुरुवात केली की शेवट मीच करायचे.

मी धरणाच्या कार्यालयात आहे. वरच्या अंगाला नवं धरण व्हायचं होतं आणि पूर सामावून घ्यायला त्यात किती जागा रिकामी ठेवायची, ते मला काढायचं होतं. दर वर्षीचा सर्वांत मोठा पूर मांडायचा आणि त्यावरून हजार वर्षांत एखादाच येईल अशा पुराचा अंदाज बांधायचा. आकडे अर्थातच बाबांच्या वह्यांतले.

त्यात तीन वर्षं बरोबर सात मीटर. सहा ब्याण्णव नाही, सात पाच नाही. सात, सात आणि सात! माझं डोकंच फिरलं. नदी काय शाळेतली पोर आहे, रेघेवर येऊन थांबायला? जुने कागद उपसले, तर पट्टीच मुळी सात मीटरची.

म्हणजे सगळ्यात मोठे पूर वहीत अर्धवटच होते. त्यावर धरण बेतलं, तर खालचा गाव, आमच्या घरासकट, रामभरोसे. आणि अहवालात तसं लिहायचं, तर बाबांच्या जन्मभराच्या कष्टांवर बोळा फिरवायचा. दोन दिवस मी घरात दिसेल त्याच्यावर खेकसत होते.

शेवटी जेवताना बाबांनीच विचारलं, “सूनबाई, राग नक्की कुणावर आहे?”

मी वही पुढे ठेवली.

“पट्टी तिथंच संपायची,” ते म्हणाले. “दिसलं तेवढं लिहिलं. अंदाजपंचे लिहायला मी काय थापाड्या आहे?”

“पण बाबा, वाचणाऱ्याला वाटतं, पाणीच तिथं थांबलं.”

ते अर्ध्या ताटावरून उठले. मला माझ्या जिभेचा संताप आला.

सकाळी पाहते तर बाबा चपला घालून दारात उभे. पुलाजवळच्या पंपघरात मला नेलं आणि दाराचं फळकूट बाजूला केलं. मागे भिंतीच्या दगडात तीन खाचा होत्या, प्रत्येकीपाशी साल कोरलेलं.

“पूर ओसरला की गाळाची रेघ राहायची. छिन्नीनं खोदून ठेवली. वहीत त्याला रकाना नव्हता ना!”

मी पट्टीच्या शून्यापासून उंची मोजली. सर्वांत वरची खाच नऊ मीटर चाळीसवर. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

“अहवालात तुमचं नाव घालत नाही,” मी म्हणाले.

“का? वही माझी आहे.” त्यांनी पेन मागून घेतलं. जुने आकडे न खोडता शेजारी नवे लिहिले आणि प्रत्येकाखाली सही करून एकच ओळ लिहिली: ‘पट्टी संपली होती, पाणी नाही.’

धरणात मोकळी जागा वाढली. बाबांनी मात्र ते खोट्या आकड्याचं वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. आता घरी कुणी आलं, की ते मीच म्हणते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.