पेटीतली झबली

तान्ह्या बाळाला पहिले काही दिवस नवं कापड लावायचं नाही, जुनं मऊच घालायचं, ही आमची रीत. माझ्या मुलीला मुलगा झाला तेव्हा तिची सासू धुळ्याहून गोडादऱ्याला आमच्या घरी आली ती डझनभर झबली घेऊनच. आपल्या सासऱ्यांच्या जुन्या धोतरांची, वर्षानुवर्षं पेटीत डांबराच्या गोळ्यांत जपलेली. वासाने माझं डोकं उठलं.

"धुऊन घालू या," मी म्हटलं.

"धुतलं की वाडवडलांचा हात निघून जातो, विहीणबाई!"

मुलीच्या सासूशी वाद नको म्हणून मी झबलं न धुताच बाळाला घातलं. असल्या शहाणपणाला काही तोड नाही.

चौथ्या दिवशी पोर हळदीसारखं पिवळं आणि लघवी काळ्या चहासारखी. "नजर लागनी बाळले," म्हणत विहीणबाई मीठमोहऱ्या शोधू लागल्या. मी पोर उचललं आणि रिक्षा केली.

डॉक्टरीणबाईंनी झबल्याचा वास घेतला आणि कपाळाला हात लावला. मग समजावलं: तांबड्या पेशींना जपणारं एक प्रथिन असतं. बाळाच्या जनुकात बारीकशी चूक आहे, त्यामुळे ते प्रथिन बनतं पण टिकत नाही. तांबडी पेशी ते पुन्हा बनवू शकत नाही. साठा आटला की डांबराच्या गोळ्यांच्या वाफेनेसुद्धा पेशी फुटतात. रक्त चढवावं लागेल.

"आमच्या घरात असलं काही नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"मुलाला हे आईकडून येतं."

विहीणबाईंचा चेहरा उजळला. "ऐकलं ना? तुमच्याकडचं!" नातू निळ्या दिव्याखाली पडलेला आणि या जिंकल्या.

ते खरंच होतं. मलेरियाच्या गोळ्यांनंतर माझ्या भावालाही अशीच काळी लघवी झाली होती. आईने बाहेरची बाधा म्हणून दंडाला धागा बांधला. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, हीच जनुकं पाठ करून प्रथम श्रेणीत पास झाले. धाग्याची गाठ घट्ट आहे ना, एवढंच मी पाहिलं होतं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी पोराचा पिवळेपणा उतरला. घरी येऊन मी झबली कचरागाडीत टाकली आणि भावाला उधन्याला फोन लावला. त्याची मुलगी गरोदर आहे, आणि बापाच्या जनुकातली ही चूक प्रत्येक मुलीकडे जातेच.

"ताई, काहीतरीच काय," तो म्हणाला, "आमच्या घरात असलं काही नाही."

"आहे. उद्या तू आणि पोरगी, दोघं रक्त तपासून या. आणि वहिनीला सांग, जुन्या कपड्यांची पेटी उघडायची नाही."