रानात असंच कोण पळतं?

आमच्या पळण्याचा एक किस्सा सुरू केला की बायको चहा ठेवायला उठते. तिला माहीत आहे, मी एकावर थांबत नाही! पण तीन माणसं वर्षानुवर्षं एकाच पायवाटेनं पळाली, की किस्से साठणारच ना?

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही तिघंही लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये. दत्तू फिटर, मी क्लार्क आणि सदानंद स्टोअरकीपर, अंगानंही स्टोअरच! ड्यूटीआधी तुंगार्लीच्या तळ्यावरून राजमाचीच्या वाटेला पळायचो.

पहिल्याच दिवशी वाटेवरच्या वाडीतले म्हातारे आबा कोयता टाकून आडवे आले. मागोमाग त्यांची बायको, आणि तिच्यामागं अख्खी वाडी.

"काय झालं? कोन पडलं?"

"कुणी नाही, आबा."

"मग पळताय कुनासाठी?"

"असंच!"

"रानात असंच कोन पळत न्हाई रं."

तिथं माणूस पळायचा तो कुणाच्या तरी जिवावर बेतल्यावरच. वाडी हातातली कामं टाकून धावली होती. आम्हाला लाज वाटली, पण पळणं काही सुटलं नाही.

*

सदानंद पळताना अखंड बोलायचा. एकदा झाडीतून कुणीतरी शीळ घातली. हा थांबला, लाल झाला. "कोण टवाळखोर आहे रे?"

आबा गुरांमागं होते. म्हणाले, "पाखरू हाय त्ये. तुज्यापरीस सुरात हाय!"

त्या दिवसापासून आम्ही तोंड बंद ठेवून पळायला लागलो आणि रान ऐकू यायला लागलं. शेडच्या खडखडाटात बसलेले कान मला आबांनी परत दिले. हे उपकार मी विसरलेलो नाही.

*

आबांची बायको, म्हणजे आमची मावशी, एकदा म्हणाली, "बुटात जमीन कळत न्हाई." झालं! दुसऱ्या दिवशी सदानंद अनवाणी. परतताना वाडीपर्यंत लंगडत आला.

मावशीनं त्याचे पाय मांडीवर घेतले आणि सुईनं एकेक काटा काढला. शेवटी म्हणाली, "येवडं काटं गोळा केलंस, कुंपन घालायचं हाय व्हय?"

वर त्याला नाचणीची भाकरी खायला घातली. त्या माउलीनं आम्हाला कधी परकं मानलंच नाही.

*

आणि एका सकाळी आबा वाटेवर उभेच होते. त्यांनी नुसतं घराकडं बोट केलं. आत मावशी पडलेली, पाय सुजलेला. फुरसं चावलं होतं.

दत्तू आणि मी उलटे फिरलो. तसे आम्ही आयुष्यात पळालो नाही. डॉक्टरांची जीप घेऊन तळ्यापाशी आलो, तर समोरून बांबूला बांधलेली मावशीची झोळी येत होती. पुढचा खांदा आबांचा, मागचा सदानंदचा! वाटेत त्यानं एकदाही खांदा बदलू दिला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत."

मावशी बऱ्याच दिवसांनी घरी आली. दुसऱ्या सकाळी आम्ही वाडीपाशी पोचलो, तर ती दारात बसून हसत होती. आणि आबा धोतराचा काचा मारून आमच्या पुढं पळत सुटलेले!

आम्ही घाबरून त्यांच्या मागं धावलो. "आबा! काय झालं? कुणासाठी पळताय?"

सत्तरीचे आबा मागं न बघता ओरडले, "असंच रं!"