गाववाल्याकडे पावती मागायची कशी?

नोकरीच्या शेवटच्या वर्षातलं एक प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कोकणातल्या एका जिल्ह्यात मी सायबर पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो आणि रजा घेऊन ओमानला, अल खौदमध्ये मुलीकडे गेलो होतो.

ठाण्यातून हवालदाराचा फोन आला. "साहेब, एका बाईचं खातं गोठवलंय. फसवणुकीतले पैसे तिच्या खात्यात आलेत. ती म्हणते, नवरा पाठवतो. तो माबेल्यात एसी मेकॅनिक आहे."

"अटकेची तयारी ठेवा," मी सांगून मोकळा झालो. नंतर मात्र चैन पडेना. माबेला तर मुलीच्या घरापासून जवळच होतं. तिथे मला कसलाही अधिकार नव्हता. तसं त्या मेकॅनिकला आधीच सांगितलं आणि त्याच्या खोलीवर गेलो.

"साहेब, माझी बायको चोर नाय हो," तो रडकुंडीला आला होता. "आमच्या गावचाच एक जण कॅश घेतो. बोलला, बँकापण आता क्रिप्टोनेच पैसे भेजतात, मी बँकेचाच माणूस. अर्ध्या तासात घरी जमा, खलास."

"पावती?"

"गाववाल्याकडं पावती मागायची? शिमग्याला एकत्र पालखी नाचवतो आम्ही."

काही बँका खरोखरच क्रिप्टो वापरू लागल्या आहेत, म्हणूनच ही थाप पचली. पण बँकेचे पैसे बँकेच्या नावाने येतात. मेकॅनिकच्या बायकोच्या खात्यात दर वेळी नव्याच अनोळखी माणसाकडून जमा होत होते. हा गाववाला रियालचं क्रिप्टो करून भारतातल्या साथीदारांना धाडायचा आणि ते लोकांना लुबाडून मिळवलेली रक्कम हिच्या खात्यात ढकलायचे.

मी मेकॅनिकला तोच प्रश्न तीनदा, उलटसुलट विचारला. खोटं बोलणारा तारखा घडाघडा सांगतो. हा अडखळायचा, मग म्हणायचा, "त्या दिवशी अर्बाबने, मालकाने, ओव्हरटाइम करायला लावला होता." माझा विश्वास बसला. कॅश दिली की तो बायकोला आवाजी मेसेज पाठवायचा. "ती एकपण पुसत नाय, साहेब. पोरगी झोपताना ऐकते."

मी तिथूनच फोन लावला. "अटक थांबवा. पंचांसमोर बाईचा फोन ताब्यात घ्या." मेसेजच्या वेळा आणि खात्यात पैसे जमा झाल्याच्या वेळा जुळल्या. मग मी हट्टालाच पेटलो. गाववाल्याच्या नावाने लुकआउट नोटीस काढायला लावली. बाकी काही चुकवेल, हा शिमगा चुकवणार नाही, याची मला खात्री होती. पठ्ठ्या विमानतळावरच सापडला.

मी रजेवरून परतून त्याची चौकशी सुरू केली, तेव्हा तो ताठ होता. "मी कुणाकडून पैसे घेतलेच नाहीत. पुरावा दाखवा."

बाईच्या फोनमधून उतरवून घेतलेला एक मेसेज मी लावला. मेकॅनिकच्या मागून याचाच आवाज आला, "वहिनी, पोचतील अर्ध्या तासात. बँकेचं क्रिप्टो हाय!" त्याने पाणी मागितलं आणि मग साथीदारांची नावं सांगायला लागला.

बाई आरोपी न होता साक्षीदार झाली. जबाबावर सही करायला आली तेव्हा चार वर्षांची मुलगी बरोबर होती. टेबलावरच्या, आईचा फोन असलेल्या सीलबंद पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, त्याच्यात माझे बाबा आहेत. कधी देणार?"

न्यायालयाच्या आदेशाशिवाय मुद्देमाल परत देता येत नाही. त्याच दुपारी फोन परत देण्यासाठीचा अहवाल मी स्वतः लिहायला बसलो. इतकी वर्षं जप्तीच्या पंचनाम्यांवर सह्या केल्या, पण या वस्तूवाचून घरात कोणाचं अडेल, हे तोवर एकदाही विचारलं नव्हतं. त्याची लाज आजही वाटते.