शेवटचं पान

माझ्या गणिताच्या वर्गाला लागूनच मराठीच्या बाईंचा वर्ग आहे. मध्ये नुसतं प्लायवूड, त्यामुळे त्यांचा तास मला रोज ऐकावाच लागतो. पोरं घरी मराठी बोलतात, पण दिल्लीतल्या पहाडगंजच्या गर्दीतून शाळेत पोचेपर्यंत तोंडात हिंदी बसलेली असते. "बाई, फिर वो रोने लगी," कुणीतरी सांगतं. बाई रागावत नाहीत. "हं, मग ती रडायला लागली," असं थकलेल्या आवाजात म्हणतात आणि पुढे जातात. दिवसभर हेच चालतं. मला ऐकूनच कंटाळा येतो.

आपल्या जुन्या गोष्टींच्या पुस्तकातून त्या वाचून दाखवतात, पण शेवट कधीच वाचत नाहीत. गोष्ट रंगात आली की पुस्तक मिटतात. शेवट दुसऱ्या दिवशी पोरांनी स्वतः वाचायचा.

गेल्या आठवड्यात एका फौजीच्या मुलीचा शाळेतला शेवटचा दिवस होता. वडिलांची बदली झाली होती. बाईंनी पुस्तक मिटताच ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, मैं तो कल नहीं आऊँगी."

मी प्लायवूडच्या फटीतून पाहिलं, तर बाईंनी गोष्टीचं शेवटचं पान फाडून तिच्या हातात दिलं होतं. "गाडीत वाच. मोठ्यानं."

स्टाफरूममध्ये मी विचारलं, "अहो, मग उद्या बाकीची पोरं काय वाचणार?"

"वाचणार नाहीत, शेवट लिहितील," गार झालेला चहा संपवत बाई म्हणाल्या. "दर वर्षी कुणी ना कुणी जातंच, आणि हल्ली नवीन कुणी येत नाही. या पुस्तकातल्या बहुतेक गोष्टींचे शेवट मागे राहिलेल्या पोरांनीच लिहिलेत."

मग पुस्तक पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही लिहितील. मागे कुणी राहिलं तर."