सावळे पाठ फिरवून बसायचे

सावळे गेले, हे सुनेनं, मेघनानं, गेल्या महिन्यात एका सकाळी चहा देताना सांगितलं. मी विचारलं, "नक्की? कुणी सांगितलं?" ती रडता रडता हसली. "आबा, यात कोण फसवणार?" ...मी चौथी शिकलेला माणूस. हॉलंडात टिलबर्गला मुलाकडे राहायला आलो, तरी विचारून घेण्याची सवय सोडली नाही. सोडणारही नाही.

सावळे रिटायर झालेले. इथल्या मराठी घरांत जाऊन लोकांचे टॅक्सचे कागद भरून द्यायचे, तेही फुकट. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. मेघनानं इथं आल्या वर्षी मास्ट्रिख्टच्या कॉलेजची फी भरली, मग नातू झाला आणि शेवटचं सत्र राहून गेलं. सावळे म्हणाले, "त्या वर्षी फीवर करात सवलत होती. ती मागू, त्या पैशात सत्र पुरं होईल."

"आता आहे का ती सवलत?"

"बंद झाली."

"मग बंद दुकानातनं माल आणणार होय?"

"आबा, दुकान उघडं होतं तेव्हाची पावती आहे की! पाच वर्षांपर्यंत मागता येतं."

पोरीचा चेहरा उजळला, म्हणून मी होऊ दिलं. पण नजर ठेवली. मेघना लॅपटॉपवर पासवर्ड टाकायला लागली की सावळे खुर्ची खिडकीकडे फिरवून बसायचे. सभ्यपणा म्हणे! डिसेंबरचा दिवस, चारलाच अंधारून आलेलं, आणि काचेत आख्खा लॅपटॉप दिसत होता. मी उठलो, पडदा ओढला. या देशात कुणी पडदे ओढत नाही. मुलगा लाजेनं लाल झाला. सावळे मात्र म्हणाले, "बरोबर केलंत. इतक्या घरांत बसलो, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं." आणि त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

पैसे आले. मी म्हटलं, चुकून आले असतील, परत मागतील. कुणी मागितले नाहीत. मेघना सत्र पुरं करून पास झाली, सावळे पेढा खाऊन गेले... त्यांना यातनं काय मिळायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

परवा मुलगा या वर्षीचे टॅक्सचे कागद घेऊन बसला. त्यानं पासवर्ड टाकायच्या आधी मी उठून पडदा ओढला. सावळ्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग म्हटलं, "हं, टाक आता."