सारं गाव एका फोटोत

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मी चौथीतच शाळेत ठेवून आले. हे कोणी वाचेल असं नाही, पण वाचलंच तर तेवढं पोटात घालावं.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या भावाने पाहिली तितकी संध्याकाळ साऱ्या पुसदेत कोणी पाहिली नसेल. बाकीच्यांची संध्याकाळ होते आणि जाते. ते मात्र घरी पाहुणी यायची असावी तशी तिची वाट पाहायचे. दिवसभर कचेरीत नकला उतरवायच्या, आणि कचेरी सुटली की गळ्यात कॅमेरा, खांद्यावर सागाची तिपाई, खिशात घड्याळजीचं भिंग, असे टेकडीकडे निघायचे. मुलं त्यांना फोटोमामा म्हणत. मी भाऊ म्हणे, तेही बरेच दिवस मनातल्या मनात.

त्यांना फोटोखेरीज दुसरी भाषा नव्हती. चहा पातळ झाला की म्हणत, "बाई, एक्स्पोजर कमी पडलं." नवा साहेब कसा आहे असं आमच्या यांनी विचारलं, तर म्हणाले, "मानूस चांगला हाये, पन फोकस नाही." एका लग्नात त्यांना नवरदेवाचा फोटो काढायला बोलावलं होतं. फोटोत नवरदेव धुक्यात, आणि त्याच्या खांद्यामागची टेकडी इतकी लख्ख की सागाची पानं मोजून घ्यावी. वरबाप चिडले तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाले, "नवरदेव उद्याही हाये. तो उजेड उद्या नसता." पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

त्यांना हवं होतं गाव. सारं गाव, एका फोटोत, दिवे लागलेले आणि आभाळही अजून उजळ, प्रत्येक कौल वेगळं दिसणारं. "दूध उतू जाले जेवढा टाइम लागते ना बाई, तेवढाच तो टाइम," ते सांगत. अशा उजेडात कॅमेऱ्याचा डोळा दिव्याचा श्लोक एकदा म्हणून होईपर्यंत उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात काही हललं की सगळं फिसकटतं. आधी ते कॅमेरा दगडावर ठेवत, तो वाऱ्याने हाले. म्हणून मी पोलकी शिवून जमवलेले साठ रुपये त्यांना तिपाईसाठी आणि रोलांसाठी दिले. आमचे हे म्हणाले, "दिले ते गेले समज."

गेले नव्हते, येत मात्र नव्हते. कारण भाऊ टेकडीवरून उतरून आमच्याकडे यायचे ते नेमके दिवेलागणीला. खिशात हात घालायचे आणि थांबायचे. "आता दिवे लागले बाई. या टायमाले लक्ष्मी हातची सोडाची नसते. उद्या देतो." मग चहा घेत आज उजेड कसा गेला ते सांगायचे. असं वर्षभर चाललं.

फोटो काही साधेना. कधी परतणाऱ्या गुरांची धूळ, कधी चुलींचा धूर. एकदा तर गावावरून एक पांढरा साप गेलेला निघाला. भाऊंनी भिंग लावून तो मला दाखवला. "हा साप कोनाचा, सांगू? तुमच्या कंदिलाचा. श्लोक चालू असताना तुम्ही सैपाकघरातून गोठ्यात गेलत्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दसरा झाला आणि ते पहिल्यांदाच चहा न घेता बोलले. "हा शेवटचा रोल. यातही गाव नाही आलं तर कॅमेरा विकतो आन तुमचे पैसे देतो. जिनिंगवाले शेठ म्हनतात, चांगला आला तर क्यालेंडरले घेतो. पन मले पैशाचं नाही..." तिपाईचा पाय उगाच पुसत बसले.

ज्या बाईला नळावर दुसरीला 'सरक' म्हणवत नव्हतं, ती मी दुसऱ्या दिवशी घरोघर गेले. कंदील लवकर लावा, खिडकीत ठेवा, चूल उशिरा पेटवा, आरतीची घंटा झाली की श्लोक होईपर्यंत कोणी हलू नका. एक आजी म्हणाली, "अवं, तुले बोलता येते?" दुसरीने विचारलं, "फोटो आमचाही येईन का वं?" येईल, म्हटलं. तिथेच चुकलं. फोटो म्हणजे समोर उभं राहायचं, एवढंच आमच्या गावाला ठाऊक. संध्याकाळी माळवदांवर बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पुरुष टोप्या घालून, हातात कंदील घेऊन खांबासारखे उभे. मीही उभी राहिले. घंटेची वाट पाहतोय, पण घंटा वाजेना. वाजवणार कोण? पुजारीबुवा धुतलेलं उपरणं घेऊन देवळाच्या गच्चीवर फोटोसाठी उभे होते.

घंटा आता होईल, मग होईल, म्हणून कोणी हलेना. श्लोक संपला की बायका पुन्हा पहिल्यापासून सुरू. अंधार पडला तेव्हा कुठे एक म्हातारबा ओरडले, "आता सैपाकाचं पाहा, उपाशी मारता का?"

भाऊ धावतच टेकडी उतरून आले. "बाई, घंटेची वाट पाह्यली असती तर उजेड गेला असता. मंग मीच श्लोक म्हनाले लागलो. एक फोटो काढला, गाव हललं नाही. दुसरा काढला, तरी हललं नाही. सारा रोल काढला, कमी-जास्त एक्स्पोजर देऊन." कंदिलाला लाल फडकं बांधून ते रोल धुवायला न्हाणीत शिरले, आणि जाऊबाई कडीला कान लावून बाहेर बसल्या. पहिले काळे, पुढचे फिक्के. शेवटून दुसरा मात्र असा आला की टेकडीखालचं कौलन् कौल दिसत होतं, वर आभाळ उजळ, आणि माळवदांवर माणसागणिक एक दिवा. भाऊ पुष्कळ वेळ भिंगातून पाहत राहिले. म्हणाले, "फोकस हाये."

क्यालेंडर निघालं. घरोघर लोक त्यावर बोट ठेवून आपापला दिवा दाखवू लागले.

मग एक दिवस भाऊ सकाळी आले. आंघोळ केलेली, गंध लावलेलं. नव्या नोटा माझ्या हातावर मोजल्या आणि म्हणाले, "बरोबर हायेत ना बाई?" बरोबर होत्या. साठच्या साठ रुपये फिटले, आणि दिवेलागणीला आमच्या दारात थांबायचं त्यांना काही कारण उरलं नाही. तरी अजूनही मी तुळशीपाशी दिवा लावते तेव्हा टेकडीकडे तोंड करते, आणि श्लोक पुरा होईपर्यंत हलत नाही.